अर्ध्या युनिटात आल्प्स

फ्रान्समधल्या शामोनी गावातून एग्वी द्यू मिदी या सुळक्यावर रोपवे जातो. गाव १०३५ मीटरवर, वरचं स्टेशन ३७७७ मीटरवर. चढ २७४२ मीटरचा, वेळ साधारण वीस मिनिटं, तीही मध्ये एकदा केबिन बदलून. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. म्हणजे एक अख्खं कळसूबाई, त्यावर आणखी दोन-तृतीयांश, आणि तेवढ्यात धड पेपरही वाचून होत नाही.

पण मला उंचीपेक्षा विजेचा आकडा जास्त चक्रावतो. ७० किलोचा माणूस २७४२ मीटर वर न्यायला किती ऊर्जा लागते? शाळेतलं सूत्र लावा: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं जेमतेम अर्धं युनिट. हजार वॉटची इस्त्री अर्धा तास चालली की संपलं! घर्षण, वारा, मोटरमधली गळती यांचा हिशेब वेगळा धरावा लागेल, हे खरं. केबिनचं वजन मात्र मोटरच्या डोक्यावर फारसं बसत नाही. एक केबिन वर निघते तेव्हा तिची जोडीदार खाली येत असते, आणि उतरणारी चढणारीला ओढते.

हेच काम पायांवर सोपवलं तर? अर्धं युनिट म्हणजे सुमारे ४५० किलोकॅलरी. पण शरीर खाल्लेल्या अन्नापैकी फार तर चौथा हिस्सा चढाईच्या कामी लावतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून खर्च १८०० किलोकॅलरींच्या घरात, जवळजवळ दिवसभराचं जेवण. तासाला ३००-४०० मीटर चढणाऱ्या दमदार गड्यालाही सात ते नऊ तास हवेत, आणि वरचा टप्पा तर निव्वळ कडा आणि बर्फ. १८१८ साली आंतोनी माल्चेव्स्की हा पोलिश कवी वाटाड्यांना घेऊन या सुळक्याच्या उत्तर टोकावर पहिल्यांदा पोहोचला. रोपवे आला १९५५ मध्ये.

या रोपवेचा दुसरा टप्पा बघावा. २३१७ मीटरवरून निघालेली केबिन थेट ३७७७ मीटरवर पोहोचते आणि वाटेत एकही खांब नाही. जवळजवळ तीन किलोमीटर केबल नुसती हवेत. पाच सेंटिमीटर जाडीची पोलादी केबल मीटरला साधारण १५ किलो भरते. तीन किलोमीटरचे झाले ४५ टन. केबिनमध्ये साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने उभी राहिली तरी त्यांचं वजन पाच टनांच्या आसपास. थोडक्यात, केबल मुख्यतः स्वतःलाच तोलत असते, आपण वरकड. (जर्मनीतल्या त्सुगश्पित्झ शिखरावर २०१७ साली सुरू झालेल्या रोपवेत एका खांबापासून पुढचा मोकळा पल्ला ३२१३ मीटरचा आहे, आणि तो खांब १२७ मीटर उंच.)

वर उतरल्यावर खडकाच्या पोटातली लिफ्ट माणसाला ३८४२ मीटरच्या माथ्याशी नेते. तिथे काचेची एक खोली कड्याबाहेर काढली आहे. आत शिरण्याआधी बुटांवर मऊ सपाता चढवायच्या, म्हणजे काचेला ओरखडे पडत नाहीत. पायाखाली काच, आणि काचेखाली हजार मीटर काही नाही. फोटोसाठी रांग लागते ती इथे. खरी गंमत मात्र पिशवीत चाललेली असते. गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८८ टक्के, माथ्यावर ६२ टक्के. वेफर्सचं बंद पाकीट टम्म फुगतं, कारण आतल्या हवेला आता चाळीस टक्के जास्त जागा हवी असते.

माणसाला तशी जागा मिळत नाही. श्वास तेवढाच, त्यात प्राणवायू मात्र कमी. कोविडच्या काळात बोटाला लावलेल्या यंत्राने ९४च्या खाली आकडा दाखवला की घरात धावपळ व्हायची. इथे तो ९०च्या खाली उतरला तरी नवल नाही, आणि ती व्यक्ती मजेत सेल्फी काढत असते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं गिर्यारोहकांना सांगतात. इथे तर सगळी चढाई अर्ध्या तासात उरकलेली. तरी बहुतेकांना जिना चढताना लागणारी धाप आणि थोडी गरगर यापलीकडे फारसं काही होत नाही. कारण उंचीची डोकेदुखी, मळमळ सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होते, आणि तोवर पर्यटक खाली उतरून शामोनीत जेवायला बसलेला असतो.