मोबाइलच्या माथ्यावरील हिरवा ठिपका

शेतकरी बंधूंच्या हातीं हल्लीं जो मोबाइल असतो, त्याच्या पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यांत मधूनमधून एक बारीक हिरवा ठिपका उमटतो व थोड्या वेळानें नाहींसा होतो. तो पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याचा अर्थ विचारणारे मात्र थोडे. कोणी ती बॅटरीची खूण समजतात, कोणी पडद्याचा दोष. वास्तविक फोनचा कॅमेरा किंवा मायक्रोफोन या क्षणीं कोणतें तरी अ‍ॅप वापरीत आहे, अशी फोननें आपल्या धन्यास दिलेली ती वर्दी होय.

अँड्रॉइड फोनांत ही सोय २०२१ सालीं, बाराव्या आवृत्तीपासून आली. तींत प्रथम कॅमेऱ्याचें वा मायक्रोफोनचें लहानसें चित्र दिसतें व मग त्याचा ठिपका होतो. रंग दोहोंसही हिरवाच. आयफोनांत ती २०२० सालीं आली. तेथें मायक्रोफोनला नारिंगी व कॅमेऱ्याला हिरवा असा भेद केलेला आहे. याहून जुन्या आवृत्तीच्या फोनांत ठिपका मुळींच नाहीं. तेव्हां तो दिसत नाहीं एवढ्यावरून कोणी निर्धास्त राहूं नये.

ठिपका दिसला म्हणजे दगा झालाच असें नव्हे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत सुरू झाली, तेव्हांपासून खातेदार स्वतः शेतांत उभा राहून पिकाचें छायाचित्र काढतो. त्या वेळीं ठिपका न दिसला तरच नवल! परगांवच्या मुलाशीं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतांनाही तो दिसणारच. आपण छायाचित्र काढीत नाहीं, कोणाशीं फोनवर बोलत नाहीं, आणि तरी तो दिसतो, तेव्हां मात्र चौकशी करावी.

अशी चौकशी करण्याचा प्रसंग आम्हांवर गेल्या सालीं पेरणीच्या तोंडावर आला. आमच्या शेजारच्या एका खातेदारांनीं बियाण्याची नड भागविण्यासाठीं जाहिरात पाहून कर्ज देणारें एक अ‍ॅप फोनांत घेतलें होतें. एके सायंकाळीं ते आठ-अ चा उतारा दाखविण्यास आमच्या ओट्यावर आले. हप्त्याची तारीख दाखविण्यासाठीं त्यांनीं तें अ‍ॅप उघडून फोन मध्यें ठेवला, आणि घरच्या देण्याघेण्याच्या गोष्टी निघाल्या. तोंच ते म्हणाले, "भाऊसाहेब, हा दिवा कसला लागला?"

"आबा, पडदा वरून खालीं ओढा आणि त्या हिरव्या खुणेवर बोट ठेवा," आम्हीं सांगितलें. तसें करतांच अ‍ॅपचें नांव आलें, व पुढें 'मायक्रोफोन' हा शब्द. कर्ज देणाऱ्यास आमच्या ओट्यावरील बोलणें कशास हवें, हें आम्हांस कळेना. तेथल्या तेथें ती परवानगी आम्हीं काढून घेतली, आणि काम झालें असें समजून चहा घेतला.

परंतु काम झालें नव्हतें. पुढें हप्त्यास चार दिवस उशीर झाला, तों आबांच्या मेहुण्यास, आडत्यास, इतकेंच काय पण मुलीच्या सासऱ्यांस फोन जाऊं लागले, कीं हा मनुष्य बुडव्या आहे. हे क्रमांक आले कोठून? अ‍ॅप घेतलें त्याच दिवशीं आबांनीं विचारलें त्या सर्व प्रश्नांस 'होय' म्हटलें होतें, व त्यांत संपर्कयादीही गेली होती. संपर्कयादी किंवा संदेश कोणी वाचले तर हा ठिपका लागत नाहीं. तो पहारा देतो कॅमेऱ्याचा व मायक्रोफोनचा. हें आम्हांस त्या सायंकाळींच सुचावयास हवें होतें. आयुष्यभर दप्तर सांभाळून आम्हीं एकच पान पाहिलें.

कचेरींत आलेल्या-गेलेल्या कागदाची जशी आवक-जावक बारनिशी असते, तशी फोनांतही असते. सेटिंगांत 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' नांवाचें पान आहे. कोणत्या अ‍ॅपनें गेल्या २४ तासांत कॅमेरा, मायक्रोफोन वा ठिकाण केव्हां वापरलें, तें वेळेसह त्यावर लिहिलेलें सांपडतें. तसेंच सेटिंगांत प्रत्येक अ‍ॅपच्या नांवाखालीं 'परवानग्या' आहेत. तेथें संपर्क, संदेश, फाइली यांच्या पुढें काय दिलें आहे तें पहावें व नको तें बंद करावें. कॅमेरा, मायक्रोफोन वा ठिकाण यांची नवीन परवानगी देतांना 'फक्त या वेळीं' असा पर्याय बहुधा असतो. तोच निवडावा असें आमचें मत आहे.

कायदाही येथें ऋणकोच्या बाजूस आहे. रिझर्व्ह बँकेनें २ सप्टेंबर २०२२ रोजीं काढलेल्या सूचनांप्रमाणें कर्जाच्या अ‍ॅपनें संपर्कयादी, कॉलची नोंद, फाइली यांस हात लावावयाचा नाहीं. कॅमेरा, मायक्रोफोन वा ठिकाण हीं ओळख पटविण्यापुरतीं, एकदांच, स्पष्ट संमतीनें घ्यावयाचीं. २०२५ च्या निदेशांतही हा नियम कायम आहे. फोनद्वारें पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार देतां येते. ती जितक्या लवकर द्यावी तितकें बरें.

आबांनीं व्यापाऱ्याकडून उचल घेऊन तें कर्ज फेडलें व अ‍ॅप काढून टाकलें. परंतु गेलेली यादी कांहीं परत येत नाहीं. दिवाळींत मुलीकडे जातांना त्यांनीं आम्हांस मुद्दाम बरोबर नेलें, व ठिपक्याची सारी हकीगत आम्हांस तिच्या सासऱ्यांपुढें पहिल्यापासून सांगावी लागली. त्यांनीं ती निमूटपणें ऐकली आणि स्वतःचा फोन आमच्या हातीं दिला. परवानग्या काढून पाहतों, तों बॅटरी लावण्याच्या एका क्षुल्लक अ‍ॅपला त्यांनीं सारी संपर्कयादी देऊन ठेवलेली निघाली.