मैसिर, द्यूत आणि निजामी कायदा

पूर्णेकडील गांवें १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतीं. त्यामुळें परभणी प्रांतांतील एखाद्या जुन्या कागदांत जुगाराबद्दल दंड घेतल्याची नोंद दिसली, कीं तो दंड शरीअतीप्रमाणेंच झाला, असें संग्राहक सहज धरून चालतात. कागदाचा सन पाहिल्यावांचून असें म्हणतां येणार नाहीं.

कुराणांत जुगारास ‘मैसिर’ असा शब्द आहे. इस्लामपूर्व अरब उंट कापून त्याचे वांटे करीत व खुणेचे बाण काढून ते कोणास जावयाचे हें ठरवीत. कोरा बाण ज्याच्या नांवें निघे त्यास उंटाची किंमत भरावी लागे, आणि जिंकलेलें मांस गरिबांस देण्याची चाल होती. दुसऱ्या अध्यायांत (आयत २१९) मैसिरांत लोकांस कांहीं लाभ आहे, पण पाप त्याहून मोठें, असें म्हटलें आहे, त्याचा उलगडा या चालीवरून होतो. पांचव्या अध्यायांत (आयत ९०) मात्र मद्याबरोबर त्याचा सर्वथा निषेध आहे.

मोगल व निजाम यांच्या राज्यांत काझींस हनफी मत प्रमाण असे. मर्घिनानीची (मृत्यु ११९७) ‘हिदाया’ व औरंगजेबाच्या आज्ञेनें तयार झालेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हे त्याचे आधारग्रंथ. या मतें दोष खेळापेक्षां पणांत अधिक. दोन्ही बाजूंनीं पैसा लावला कीं ‘किमार’ झाला, मग तो बुद्धीचा बुद्धिबळ कां असेना. घोड्यांच्या शर्यतींत एकाच बाजूनें बक्षीस ठेवलें, अथवा गमावण्यासारखें कांहीं नसलेला परंतु जिंकूं शकणारा तिसरा गडी मध्यें घातला, तर तें चालतें. (आपला ‘शर्यत’ हा शब्दहि अरबी ‘शर्त’ यावरूनच आला.) जुगारास ‘हद्द’ म्हणजे ठराविक शिक्षा नाहीं, काझीनें ‘ताजीर’ म्हणून योग्य ती द्यावी. शिवाय फाशांनीं ‘नर्द’ खेळणाराची साक्षहि अग्राह्य होती. तेव्हां एखाद्या निवाड्यांत साक्षीदारावर फासे खेळल्याचा आरोप आढळला, तर ती निव्वळ शिवी समजूं नये.

आपल्या धर्मशास्त्रांत मनूनें (९.२२१ पासून) असाच कडक निषेध केला, याज्ञवल्क्यानें मात्र सभिकाचा शेंकडा पांच व दहा असा वांटा बांधून दिला आणि राजाचा भाग काढला. मिताक्षरा कल्याणीस, म्हणजे पुढें निजामाच्याच झालेल्या मुलखांत लिहिली गेली, ही गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे.

आतां निजामी कायदा. हैदराबादचा जुगारविषयक कायदा फसली १३०५ चा दुसरा, म्हणजे इ. स. १८९५-९६ चा. त्यांत जुगाराचा अड्डा चालविणें व तेथें सांपडणें हे गुन्हे सांगून, केवळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. ही भाषा काझीची नव्हे. इंग्रजी अमलांतील १८६७ च्या कायद्यांतहि हाच अपवाद आहे. पैसे लावून खेळलेला बुद्धिबळ हिदायेप्रमाणें निषिद्ध, या कायद्यानें मात्र सुटतो. याच निजामी कायद्याखालीं सिकंदराबादच्या एका क्लबाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असें १९६७ सालीं ठरलें.

म्हणून फसली १३०५ नंतरचा कागद असेल, तर प्रथम हा कायदा पाहावा. त्याआधींच्या कागदावर काझीचा शिक्का आहे कीं दिवाणी अंमलदाराचा, हें तपासावें. फसली सनांत ५९० मिळविले कीं इसवी सन निघतो. वर्षांतील जानेवारीपासूनच्या महिन्यांस ५९१ मिळवावे.