दुकान कोणाचे?
(बिग बझारची वाढ आणि मालकीचे स्थित्यंतर)

पेठेतील वाण्याचे दुकान कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पाटीवर ज्याचे नाव असते तोच गादीवर बसलेला असतो, आणि गल्ल्याची किल्लीही त्याच्याच करगोट्यास असते. जागा वडिलार्जित असली किंवा जुन्या भाड्याची असली, माल रोखीचा असला किंवा महिन्याच्या उधारीचा असला, तरी दुकानाचे बरेवाईट अखेर त्या एका माणसाकडे येऊन पोहोचते. परंतु दुकानांची संख्या एकावरून शेकड्यांवर गेली, आणि ती एका शहरातून देशभर पसरली, म्हणजे हा साधा प्रश्न बिकट होतो. दुकानाची जागा एकाची, फळीवरचा माल दुसऱ्याचा, त्यात गुंतलेला पैसा तिसऱ्याचा आणि पाटीवरचे नाव चौथ्याचे, अशी स्थिती येते. हे चौघे एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत आहेत तोवर गिऱ्हाइकास त्याचा पत्ताही लागत नाही. ते विभक्त होऊ लागले म्हणजे मात्र मालकी ही वस्तू किती पातळ होती ते दिसून येते. भारतात ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बिग बझार ह्या दुकानमालिकेचे होय.

ह्या मालिकेचे संस्थापक किशोर बियाणी हे मुंबईतील कापडाचा व्यापार करणाऱ्या मारवाडी कुटुंबातले. 1987 मध्ये त्यांनी तयार कपड्यांची कंपनी काढली. तिचे पुढे पँटलून असे नामांतर झाले, आणि 1992 मध्ये तिचे भाग लोकांस विक्रीसाठी खुले करण्यात आले. 1997 मध्ये कलकत्त्यास पँटलून्सचे मोठे दुकान निघाले. किराणा, भांडी, कपडे आणि घरगुती सामान एकाच छपराखाली विकण्याची कल्पना ह्यानंतरची. चेन्नईच्या त्यागरायनगरात रंगनाथन रस्त्यावर सरवणा स्टोअर्स नावाचे बहुमजली दुकान आहे. स्वस्त माल, अखंड गर्दी आणि गर्दीमुळेच पुन्हा स्वस्त होणारा माल, हे तेथले चक्र बियाणी ह्यांनी बारकाईने पाहिले होते. 2001 मध्ये कलकत्ता, बंगळूर व हैदराबाद येथे अवघ्या 22 दिवसांत बिग बझारची तीन दुकाने उघडली गेली.

परदेशी धर्तीच्या दुकानात सर्व काही चकचकीत व शिस्तीचे असते. मध्यम स्थितीतील भारतीय गृहिणीस अशा दुकानात पाऊल टाकताना संकोच वाटतो, माल महाग असेल अशी धास्ती वाटते, आणि धान्य हाताने पारखून घेता न आल्यास तिचे समाधान होत नाही, हे बियाणी ह्यांनी ओळखले. म्हणून बिग बझारात मंडईचा गजबजाट मुद्दाम राखण्यात आला. धान्य उघडे ठेवले, वाटा अरुंद ठेवल्या, ढीग रचले. आठवड्याच्या मधल्या सुस्त दिवशी विक्री वाढावी म्हणून बुधवारची खास सवलत सुरू झाली. जुने कपडे, भांडी व रद्दी देऊन नव्या खरेदीत सूट मिळविण्याची सोय झाली, आणि ती बोहारणीच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या घरांस सहज पटली. 26 जानेवारी 2006 रोजी वर्षातील सर्वांत स्वस्त दिवस म्हणून प्रथम जाहिरात झाली, तेव्हा अशी झुंबड उडाली की काही ठिकाणी दरवाजे बंद करून घ्यावे लागले. गिऱ्हाईक कसे जोडावे ह्या विद्येत ही मालिका कोणापेक्षाही उणी नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण तिचा पुढील ऱ्हास गिऱ्हाइकांच्या अभावी झालेला नाही.

वाढीचे गणित मात्र निराळे होते. किराणा मालाच्या विक्रीत नफा फार थोडा राहतो. ह्या तुटपुंज्या नफ्यातून नवे दुकान काढावयाचे तर पुष्कळ वर्षे थांबावे लागते. थांबावयाचे नसेल तर दोन मार्ग उरतात : जागा विकत न घेता भाड्याने घेणे, आणि भांडवल कर्जाने उभारणे. बिग बझारने दोन्ही मार्ग पत्करले. शहरोशहरी नवे मॉल उभे राहात होते, त्यांत मोठाल्या जागा भाडेपट्ट्याने घेण्यात आल्या. शिवाय विमा, वित्तसंस्था, घरसजावट इत्यादी अनेक धंद्यांत एकाच वेळी हात घालण्यात आला. दुकानांची संख्या वाढली, तसे भाड्याचे व व्याजाचे ओझेही वाढले. विक्री मंदावली तरी ह्या दोन रकमा कमी होत नाहीत, हा त्यांचा स्वभावच आहे.

ह्या ओझ्याची पहिली मोठी वसुली 2012 मध्ये झाली. ज्या नावावर सारा डोलारा उभा राहिला होता ती पँटलून्सची मालिकाच आदित्य बिर्ला समूहाकडे गेली. त्या व्यवहारात 800 कोटी रुपये रोख्यांच्या रूपाने मिळाले आणि तितक्याच रकमेचे कर्ज खरेदीदाराकडे वळविण्यात आले. कर्ज फेडण्यासाठी थोरला मुलगाच दत्तक द्यावा, तसा हा प्रकार होता. मूळ कंपनीने पुढे फ्यूचर रिटेल हे नाव धारण केले. ह्या धड्यानंतर हात आखडता घेतला जाईल असे वाटले होते. परंतु घडले ते उलट. 2015 मध्ये भारती समूहाची ईझीडे दुकाने सामील करून घेण्याचे ठरले, आणि 2017 मध्ये हायपरसिटी ही मालिका 655 कोटींस घेण्याचा करार झाला. आकार वाढला की घाऊक खरेदीत माल स्वस्त पडतो, हे खरे. पण विकत घेतलेल्या प्रत्येक मालिकेबरोबर तिची भाडीही येतात, हेही तितकेच खरे आहे.

2019 मध्ये ॲमेझॉन ह्या अमेरिकन कंपनीचा प्रवेश झाला. नाना प्रकारच्या वस्तू विकणाऱ्या भारतीय दुकानात परकीय भांडवल किती असावे ह्यावर सरकारी निर्बंध आहेत. 2012 च्या धोरणानुसार 51 टक्क्यांपर्यंतची परवानगी असली तरी तीस सरकारची मान्यता व अनेक अटी लागतात. म्हणून ॲमेझॉनने दुकानांच्या कंपनीत थेट पैसा न घालता, संस्थापकांच्या फ्यूचर कूपन्स ह्या निराळ्या कंपनीचा 49 टक्के हिस्सा घेतला. ह्या कंपनीच्या हाती फ्यूचर रिटेलचे काही भाग होते. किंमत सुमारे 1,400 कोटी रुपये. ह्या कराराबरोबर एक अट आली : दुकाने अमुक अमुक व्यापाऱ्यांस विकावयाची नाहीत. त्या यादीत रिलायन्सचे नाव होते. अल्प हिस्सा घेऊन विक्रीवर हात ठेवण्याचा हा उपाय कागदावर सोपा दिसला, पण मालकीचा पहिला पेच येथेच पडला.

मार्च 2020 मध्ये महामारीच्या टाळेबंदीने देशातील व्यापार थंडावला. गिऱ्हाईक घरात, दुकाने बंद. भाडे व व्याज मात्र चालूच. संस्थापकांनी आपले भाग सावकारांकडे गहाण ठेवलेले होते आणि बाजारात त्यांची किंमत कोसळली. अखेर 29 ऑगस्ट 2020 रोजी किरकोळ विक्री, घाऊक व्यापार व गोदामे हा सारा व्यवसाय रिलायन्सला 24,713 कोटी रुपयांस विकण्याचा करार जाहीर झाला. ॲमेझॉनने सिंगापूरच्या लवादाकडे धाव घेतली आणि ऑक्टोबरमध्ये विक्रीस तात्पुरती मनाई मिळविली. करार कूपन्स कंपनीशी होता, दुकानांच्या कंपनीशी नव्हे, असे फ्यूचरचे म्हणणे. दोन्ही करार एकाच व्यवहाराचे भाग आहेत, असे ॲमेझॉनचे. 6 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तातडीच्या लवादाचा आदेश भारतात अंमलात आणता येतो असा निर्णय दिला. त्यानंतर डिसेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाने 2019 च्या व्यवहारास दिलेली स्वतःचीच मान्यता स्थगित केली. ॲमेझॉनने व्यवहाराचा खरा हेतू दडविला असा ठपका ठेवून 202 कोटींचा दंड ठोठावला. जून 2022 मध्ये अपिलातही तो दंड कायम राहिला.

न्यायालयांत हे युक्तिवाद चालले असता दुकानांचे काय होत होते? भाडी थकली होती. जागामालक पट्टे रद्द करण्याच्या बेतात होते. उधारी बुडेल ह्या भीतीने पुरवठादारांनी हात आखडला होता. तेव्हा रिलायन्सने पुष्कळ जागांचे भाडेपट्टे जागामालकांकडून आपल्या नावे करून घेतले आणि त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या. मालही काही अंशी तिच्याकडूनच येऊ लागला. ह्या एका गोष्टीने सारा डाव फिरला. पाटी बिग बझारची, नोकर बिग बझारचे. पण पायाखालची जमीन खरेदीदाराच्या ताब्यात. पोटभाडेही थकले, तेव्हा फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस रिलायन्सने जागा ताब्यात घेण्यास आरंभ केला. 342 मोठ्या व 493 लहान दुकानांचे पोटभाडे संपुष्टात आल्याच्या नोटिसा फ्यूचरला मिळाल्या. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे किरकोळ विक्रीच्या उत्पन्नापैकी 55 ते 65 टक्के उत्पन्न ह्याच दुकानांतून येत असे. पुढे ह्यांपैकी पुष्कळ जागी स्मार्ट बझार अशी नवी पाटी लागली. शेजारपाजारच्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने दुकान काही काळ बंद राहून पुन्हा उघडले, एवढेच काय ते घडले.

विक्रीचा मूळ करार मात्र अद्याप जिवंत होता, आणि त्यावर कर्जदात्यांचे मत घ्यावयाचे होते. तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकांपैकी, कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने, तीन चतुर्थांशांची संमती आवश्यक होती. एप्रिल 2022 मधील मतदानात 69 टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध पडली, आणि 23 एप्रिल रोजी रिलायन्सने करार अंमलात येऊ शकत नाही असे जाहीर केले. 20 जुलै रोजी बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने फ्यूचर रिटेलविरुद्ध नादारीची कारवाई दाखल करून घेतली. खरेदीदाराचा शोध झाला. जिच्या व्यवसायासह संबंधित धंद्यांस 24,713 कोटींची बोली आली होती, तिच्यासाठी शेवटी 550 कोटींची एकच बोली उरली. ती कर्जदात्यांनी नाकारली. 29 जुलै 2024 रोजी कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला.

कंपनी मोडीत निघाली म्हणजे उरलेल्या मालमत्तेची वाटणी 2016 च्या नादारी कायद्यातील क्रमाने होते. प्रथम त्या कारवाईचाच खर्च. नंतर कामगारांचे मागील 24 महिन्यांचे वेतन व तारणी कर्जे बरोबरीने. मग इतर नोकरांचे वर्षभराचे वेतन. बिनतारणी कर्जे त्यानंतर. उधारीवर माल पुरविणारा लहान कारखानदार ह्या पंक्तीत फार मागे बसतो, आणि ज्यास कायदा दुकानाचा मालक म्हणतो तो भागधारक अगदी शेवटच्या पाटावर असतो. त्याच्या पानापर्यंत वाढणारा बहुधा येतच नाही. बँकांचे जे बुडाले त्यांतही सामान्य ठेवीदारांचा पैसा आहे. म्हणजे ज्या गृहस्थाने बुधवारी स्वस्त तांदूळ नेला, त्यानेच दुसऱ्या वाटेने त्या स्वस्ताईचा थोडा भार उचलला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

ह्याच काळात, ह्याच धंद्यात दुसरी एक चाल मुंबईतच पाहावयास मिळाली. राधाकिशन दमाणी ह्यांच्या डी-मार्टचे पहिले दुकान 2002 मध्ये पवईस निघाले. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यावयाची, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून त्या बदल्यात भावात सूट मिळवावयाची, आणि ह्या चालीने जेवढे जमेल तेवढेच पुढे सरकावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. पहिली कित्येक वर्षे ही गती फार मंद वाटे. मार्च 2024 मध्ये त्यांची दुकाने 365 झाली होती. टाळेबंदीचा फटका त्यांसही बसला. परंतु भाडे थकल्यामुळे दुकानाबाहेर निघण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. तिसरी चाल त्याहून जुनी आहे. 1948 मध्ये नायगावच्या कामगारवस्तीतून निघालेल्या अपना बाजार ह्या सहकारी संस्थेत गिऱ्हाईकच सभासद आणि सभासदच मालक असतो. ह्या मार्गाने भांडवल हळूहळू जमते आणि देशभर पसरणे कठीण जाते. पण दुकान कोणाचे, ह्या प्रश्नास तेथे सरळ उत्तर मिळते.

बियाणी ह्यांनी लाखो कुटुंबांस एका छपराखाली बाजार करावयास शिकविले, आणि ती सवय त्यांच्या कंपनीनंतरही टिकून आहे. टिकले नाही ते जागा, माल, पैसा आणि नाव ह्यांना एकत्र बांधणारे सूत्र. वाढीच्या दिवसांत हे चारही धागे एकाच हाती असल्याचा भास होत होता, परंतु त्यांतील एकेक आधीच गहाण पडला होता. अडचणीच्या दिवशी ज्याने ज्याच्यावर पैसे दिले होते त्याने ते उचलले, आणि अखेर पाटी तेवढी उरली. तिला घर नव्हते.