बिलोलीची ज्वारी आणि जमिनीचा कस

१९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या, मांजरेकाठच्या बिलोली तालुक्यात जिरायती रयतेच्या उदरनिर्वाहाचा मोठा आधार ज्वारी हाच होता. पुढे सोयाबीनला रोख दाम मिळू लागले आणि खरीप ज्वारीचे क्षेत्र मराठवाडाभर आक्रसत गेले. याबद्दल शेतकऱ्यास दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण पावसात भिजून काळ्या पडलेल्या दाण्याला बाजारात भाव येत नाही; परंतु ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातील जनावरे घटली आणि जनावरांबरोबर शेणखत, ही हानी रोख उत्पन्नाच्या हिशेबात कोठेच नमूद होत नाही.

यावरील उपाय येथील शेतीला अपरिचित नाहीत. ज्वारीच्या ४ ओळींमागे तुरीच्या २ ओळी पेरल्या असता तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, तिचा पालापाचोळा मातीत मिसळतो, आणि तिचे सोटमूळ ज्वारीच्या तंतुमुळांखालची ओल वापरते. म्हणून पावसाने मध्येच ओढ दिली तरी दोन्ही पिके सहसा एकदम हातची जात नाहीत. भारी काळ्या जमिनीत रुंद वरंबा-सरी पद्धत अवलंबिल्यास अतिवृष्टीचे पाणी सरीवाटे निघून जाते व उघडिपीत तीच सरी ओलावा धरते.

१९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाणही दिला आहे. तथापि वाणाइतकीच, किंबहुना अधिक, निकड आधारभूत किमतीने वेळेवर होणाऱ्या खरेदीची आहे.