जाळ्यासमोरची एकच जागा

उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग ही आइस हॉकीच्या जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यात ३२ संघ आहेत. सामन्याच्या दिवशी प्रत्येक संघाचे २० खेळाडू गणवेश चढवतात. त्यांतले १८ जण आळीपाळीने बर्फावर येतात-जातात, मिनिटभर धावून बाकावर परततात. उरलेले दोघे गोलरक्षक. त्यांतला एक पूर्ण ६० मिनिटे जाळ्यासमोर उभा राहतो आणि दुसरा बाकाच्या टोकाशी बसून सामना पाहतो. म्हणजे कोणत्याही क्षणी या लीगमध्ये खरी जागा असलेले गोलरक्षक फक्त ३२, आणि आशेवर बसलेले आणखी ३२. यष्टिरक्षकाची अडचण आपल्याला ठाऊक आहे: पहिला तंदुरुस्त आहे तोवर दुसऱ्याला संघात शिरायला वाव नसतो. पण यष्टिरक्षक निदान फलंदाज म्हणून तरी आत येऊ शकतो. हॉकीच्या गोलरक्षकाला ते दुसरे दार नाही. तो दुसरे काहीच खेळत नाही, आणि दुसरा कोणी त्याचे काम करू शकत नाही. माझे म्हणणे असे की या खेळाडूची कारकीर्द त्याच्या गुणांपेक्षा या टंचाईने जास्त घडते. गुण लागतातच. पण ते गुण आहेत की नाहीत हे वेळेवर ओळखण्याची सोयच या व्यवसायात नाही, आणि त्याची किंमत खेळाडू आपल्या विशीतल्या वर्षांनी चुकवतो.

ही टंचाई आजची नाही. पूर्वी ती याहून भीषण होती. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत लीगमध्ये सहाच संघ होते, आणि राखीव गोलरक्षकाला गणवेशात ठेवण्याची सक्ती १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्हती. सबंध जगात सहा नोकऱ्या! त्या मिळालेली माणसे त्यांना कशी चिकटून राहत, ते ग्लेन हॉलच्या विक्रमात दिसते. १९५५ ते १९६२ या काळात तो सलग ५०२ सामने पूर्ण खेळला, तेही चेहऱ्यावर मुखवटा न घालता. प्रत्येक सामन्याआधी त्याला उलटी होत असे. मुखवटा रूढ झाला तो जाक प्लांटमुळे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका त्याच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर, मुखवट्याशिवाय परतणार नाही, असे त्याने प्रशिक्षकाला सांगितले, आणि संघाकडे दुसरा गोलरक्षकच नसल्यामुळे प्रशिक्षकाला ते मान्य करावे लागले. टंचाईने एरवी खेळाडूला वाकवले. त्या एका रात्री तिने त्याला बळ दिले.

त्या काळातली सर्वांत बोलकी कारकीर्द मात्र जॉनी बॉवरची. १९२४ साली जन्मलेल्या या माणसाने १९५३-५४च्या हंगामात न्यूयॉर्क रेंजर्ससाठी सर्वच्या सर्व ७० सामने खेळले. पुढच्या हंगामात संघाचा आधीचा गोलरक्षक गंप वर्सली याला आपली जागा परत मिळाली आणि बॉवर खालच्या लीगमध्ये गेला. तिथे तो वर्षानुवर्षे उत्तम खेळला, पण वर सहा खुर्च्या आणि सहाही भरलेल्या. १९५८ साली टोरांटोने त्याला बोलावले तेव्हा तो ३४ वर्षांचा होत होता. बहुतेक खेळाडू त्या वयात निवृत्तीचा विचार करतात. त्यानंतर त्याने टोरांटोला चार स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगची चार विजेतेपदे, मिळवून दिली. त्यातला शेवटचा १९६७चा, वयाच्या ४२व्या वर्षी, ३७ वर्षांच्या टेरी सॉचकच्या जोडीने. अगदी शेवटचा सामना तो खेळला तेव्हा पंचेचाळिशीत होता. १९५४चा बॉवर आणि १९५८चा बॉवर यांच्यात कौशल्याची दरी होती, असे मानायला आधार सापडत नाही. बदलली ती फक्त रिकामी खुर्ची.

आज संघ पाचपट झाले आहेत, शोधपथके जगभर हिंडतात, प्रत्येक फटक्याची नोंद होते. तरीही ओळखण्याचे काम फारसे सुधारलेले नाही. दर उन्हाळ्यात लीगचा ड्राफ्ट होतो: ३२ संघ, सात फेऱ्या, अठरा वर्षांच्या आगेमागे असलेल्या २२४ मुलांची निवड. ड्राफ्टच्या सगळ्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर फक्त तीन गोलरक्षक निवडले गेले: १९६८ साली मिशेल प्लास, २००० साली रिक डिपिएत्रो आणि २००३ साली मार्क-आंद्रे फ्लुरी. आता दुसऱ्या टोकाने पाहू. हंगामातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला व्हेझिना करंडक मिळतो. २००९ ते २०२५ या सतरा हंगामांतले फक्त चार करंडक पहिल्या फेरीत निवडलेल्यांना मिळाले: रास्क, प्राइस, व्हासिलेव्स्की आणि फ्लुरी. उरलेले तेरा मागच्या फेऱ्यांतल्यांनी किंवा मुळीच न निवडलेल्याने नेले. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५वा होता, टिम थॉमस २१७वा, पेक्का रिने २५८वा; फेऱ्या तेव्हा जास्त असत. तीनदा व्हेझिना जिंकणारा कॉनर हेलेबक १३०वा. दोनदा जिंकणारा सर्गेई बोब्रोव्स्की तर कोणाच्याच यादीत नव्हता. आणि ज्या फ्लुरीला शोधकांनी बरोबर ओळखले, त्याने तीन स्टॅन्ली चषक जिंकले खरे, पण व्हेझिना त्याला मिळाला २०२१ साली, ड्राफ्टनंतर अठरा वर्षांनी. तोही पिट्सबर्गमधली त्याची जागा एका तरुणाने घेतल्यावर आणि तो नव्या संघात गेल्यावर.

असे का व्हावे, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एका सामन्यात गोलरक्षकावर साधारण २८ फटके येतात. सामान्य गोलरक्षक शंभरातले ९० अडवतो, उत्तम गोलरक्षक ९१. पन्नास सामन्यांत १,४०० फटके झाले, म्हणजे या एका टक्क्याने १४ गोल वाचले. लीगमध्ये १४ गोल म्हणजे संघाचे नशीब पालटणारी गोष्ट. पण संभाव्यतेच्या गणिताने पाहा: प्रत्येक फटक्यावर गोल होण्याची शक्यता दहात एक धरली, तर १,४०० फटक्यांत केवळ योगायोगाने अकरा-एक गोल इकडे किंवा तिकडे होणे अगदी नेहमीचे आहे. म्हणजे पूर्ण हंगाम खेळलेल्याचेही खरे कौशल्य योगायोगाच्या धुक्यातून जेमतेम डोकावते. राखीव गोलरक्षकाला पंधरा सामने मिळतात, ४२० फटके. तिथे एक टक्क्याचा फरक चार गोलांचा आणि योगायोगाचा हेलकावा सहा गोलांचा. धुके डोंगरापेक्षा उंच. कोणाच्या तरी घोट्यावर पक, म्हणजे खेळातली चकती, आदळून दिशा बदलते, एक फटका खांबाला लागून आत जातो, एक बाहेर. आणि त्यावर ठरते की या माणसाला पुढच्या वर्षी वर ठेवायचे की खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये बसने प्रवास करायला पाठवायचे.

बोब्रोव्स्कीची गोष्ट हे धुके मोठ्या खेळाडूभोवतीही कसे असते ते दाखवते. २०१९ साली फ्लोरिडाने त्याच्याशी सात वर्षांचा, सात कोटी डॉलरचा करार केला. पहिल्याच हंगामात त्याचे आकडे घसरले. २०२३च्या बाद फेरीची सुरुवात तर ॲलेक्स लायनने केली आणि बोब्रोव्स्की बाकावर बसला. त्याच मालिकेत तो परत जाळ्यासमोर आला, संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला, आणि २०२४ व २०२५ साली फ्लोरिडाने लागोपाठ स्टॅन्ली चषक जिंकले. लायनकडेही थांबून पाहावे. ड्राफ्टमध्ये न निवडलेला, येल विद्यापीठातून आलेला हा गोलरक्षक. मे २०१८मध्ये अमेरिकन हॉकी लीगच्या इतिहासातला सर्वांत लांब सामना त्याने पाच जादा डावांपर्यंत खेळला आणि ९४ फटके अडवून २-१ असा जिंकला. असा पराक्रम करूनही वरच्या लीगमध्ये पक्की जागा मिळायला त्याला आणखी काही वर्षे लागली.

पहिला आक्षेप सहज सुचतो: लहान वयात चमकलेल्यांचे काय? पॅट्रिक रुआने १९८६ साली वयाच्या विसाव्या वर्षी माँट्रियलला चषक मिळवून दिला आणि बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. केन ड्रायडनने १९७१ साली नियमित हंगामाचे फक्त सहा सामने खेळून तेच केले. केअरी प्राइस पाचव्या क्रमांकावर निवडला गेला आणि अपेक्षेला उतरला. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाहीत. तिघेही ज्या दारातून आत आले ते त्यांच्यासाठी उघडे होते, आणि रुआ ५१वा निवडला गेला होता, म्हणजे त्याच्या वेळीही शोधकांना ५० जण त्याच्याहून सरस वाटले होते. उलट डोमिनिक हाशेक पाहा. १९८३ साली १९९व्या क्रमांकावर निवड, पोलादी पडद्यामुळे सात वर्षे चेकोस्लोव्हाकियातच, मग शिकागोत एड बेल्फोरच्या मागे बाकावर. बफेलोत ग्रँट फ्युरचा गुडघा दुखावला तेव्हा त्याला जाळे मिळाले. वयाच्या २९व्या वर्षी पहिला व्हेझिना, त्यानंतर आणखी पाच, आणि १९९८ साली नागानोत ऑलिम्पिक सुवर्ण. फ्युरचा गुडघा शाबूत राहिला असता तर? हा प्रश्न मला नुसता मनोरंजक वाटत नाही, त्रासदायक वाटतो. व्लादिस्लाव त्रेत्याकला तर दार कधी दिसलेच नाही. माँट्रियलने त्याला १९८३ साली निवडले, सोव्हिएत सरकारने जाऊ दिले नाही, आणि पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. थांबून यशस्वी झालेल्यांचीच नावे आपल्याला माहीत असतात. थांबून काहीच न मिळालेले शेकडो जण कुठल्याही यादीत नाहीत. मग बॉवर, थॉमस, हाशेक यांच्यावरून ‘धीर धरा’ असे सांगणे खोटे नाही का? होय, खोटेच. म्हणून मी ते सांगत नाही. माझा मुद्दा धीराच्या फळाबद्दल नाही, निवडीच्या आंधळेपणाबद्दल आहे. एवढे जण उशिरा आणि अपघाताने सापडले असतील, तर त्यांच्याच तोडीचे काही जण कधीच सापडले नसणार. नोंद नसलेल्यांची संख्या हा माझ्या युक्तिवादातला कच्चा दुवा नव्हे. त्याचे खरे दुःख तिथेच आहे.

तिसरे म्हणणे तंत्रज्ञांचे: आता प्रत्येक फटक्याचे अंतर, कोन आणि वेग मोजता येतात, त्यामुळे धुके विरेल. काही अंशी विरेलही. पण पैसे मोजणाऱ्यांचा इतिहास सावध करणारा आहे. डिपिएत्रोला २००६ साली १५ वर्षांचा करार मिळाला. दुखापतींनी त्याला संपवले, २०१३ साली करार मोडण्यात आला आणि त्याचे हप्ते २०२९पर्यंत चालणार आहेत. प्राइसचा आठ वर्षांचा, ८.४ कोटी डॉलरचा करार गुडघ्याने अर्ध्यावर थांबवला. गुडघे टेकून पाय दोन्हीकडे फाकवण्याची ‘बटरफ्लाय’ पद्धत रुआनंतर सर्वांनी उचलली. तिने बर्फालगतची फट बुजवली, पण तिचा भार गुडघ्यांवर आणि खुब्यांवर येतो. तुका रास्क खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतला आणि चार सामन्यांत थांबला. जे शरीर तिशीच्या आसपास खेळ वाचायला पुरते शिकते, तेच तेव्हा सांध्यांतून कुरकुरू लागते. डिसेंबर २०२४मध्ये इगोर शेस्टरकिनने आठ वर्षांसाठी ९.२ कोटी डॉलरवर सही केली, गोलरक्षकासाठी तेव्हाची विक्रमी रक्कम. तो तिला पात्र आहे. पण त्याच्यामागे बसणाऱ्याचे पंधरा सामने त्या रकमेने वाढत नाहीत.

मग बदलता काय येईल? जागा वाढवता येत नाहीत, थांबण्याची ठिकाणे चांगली करता येतात. फिनलंडने हे केले. तुर्कूच्या क्लबमध्ये उर्पो युलोनेनने गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणाची परंपरा रुजवली, आणि लहानशा देशातून जागतिक दर्जाचे गोलरक्षक सातत्याने येऊ लागले. तिथे घडलेला मिका किप्रुसॉफ सॅन होजेत तिसऱ्या क्रमांकाचा होता. नोव्हेंबर २००३मध्ये तो कॅलगरीला गेला, त्याच हंगामात संघाला अंतिम फेरीत नेले आणि २००६चा व्हेझिना घेतला. कॅनडाने उलटा मार्ग धरला. आपल्या मुलांना जागा मिळाव्यात म्हणून तिथल्या ज्युनिअर लीगनी २०१३ साली परदेशी गोलरक्षकांची निवड बंद करण्याचे ठरवले, आणि २०१८ साली ती बंदी उठवावी लागली. रांगेतून माणसे काढली तरी परीक्षेची पद्धत तीच राहते. अमेरिकन विद्यापीठे या बाबतीत जास्त उपकारक ठरली आहेत. तिथे चार वर्षे मिळतात आणि पदवी हाती राहते. ड्रायडनने कॉर्नेलमध्ये तीच वर्षे घालवली. पुढे १९७३-७४चा सबंध हंगाम सोडून तो वकिलीच्या उमेदवारीला गेला, कारण त्याच्याकडे जायला दुसरी जागा होती.

सहा खुर्च्यांचा काळ आता महिलांच्या खेळात पुन्हा आला. जानेवारी २०२४मध्ये प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात सहाच संघ होते. मिनेसोटाकडे निकोल हेन्सली आणि मॅडी रूनी या अमेरिकेच्या दोन ऑलिम्पिक गोलरक्षक एकाच जाळ्यासाठी होत्या. ओटावाकडे कॅनडाची एमरन्स मॅशमायर होती आणि पुढच्या हंगामात तिच्यामागे आली नवखी ग्विनेथ फिलिप्स. फिलिप्स नॉर्थईस्टर्न विद्यापीठातही बरीच वर्षे एरिन फ्रँकेलच्या मागे थांबली होती. २०२५च्या हंगामात मॅशमायरला दुखापत झाली. फिलिप्स जाळ्यात उतरली, ओटावा अंतिम फेरीत पोहोचला, हरला, आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या संघाच्या फिलिप्सला मिळाला. त्याच उन्हाळ्यात व्हँकूव्हर आणि सिअ‍ॅटल हे दोन नवे संघ आले. सहाच्या आठ खुर्च्या झाल्या, आणि मॅशमायर व्हँकूव्हरला गेली.