कर्णा कीं पेटी?

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले व म्हणाले, “मास्तर, आमच्या वडिलांनीं मागें ठेविलेल्या तबकड्या घरीं नीट ऐकाव्यात अशी फार दिवसांची इच्छा आहे. सहा महिने काटकसर करून पैसे बाजूस टाकले आहेत. एका स्नेह्याच्या मोठ्या दिवाणखान्यांत कर्ण्याचे ध्वनिक्षेपक ऐकले. त्यांपुढें पेटीचे अगदीं फिके वाटतात. तेच घेऊं कां?” सहा महिन्यांच्या काटकसरीचा प्रश्न असल्यामुळें उत्तर विचारपूर्वक देणें अवश्य होतें. तें इतर पालकांस व विद्यार्थ्यांसहि उपयोगी पडेल, म्हणून येथें मांडितों.

प्रथम ध्वनि कसा निघतो तें पाहूं. ध्वनिक्षेपकांत चुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून विद्युत्प्रवाह वाहूं लागला म्हणजे तें पुढेंमागें हलतें व त्यास जोडलेला कागदी पडदा हवेस ढकलतो. ही रचना राईस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केली, आणि आजहि बहुतेक ध्वनिक्षेपक त्याच तत्त्वावर चालतात. परंतु पडदा पुढील हवा दाबतो त्याच क्षणीं मागील हवा विरळ होते. ह्या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींस भेटल्या म्हणजे खालचे स्वर नाहींसे होतात. पडदा उघडाच ठेवून तबला ऐकावा, तर डग्ग्याची घुमक हरवते, ती यामुळेंच. मागची लाट कोंडून ठेवणें हें पेटीचें काम होय. कांहीं पेट्यांस भोंक ठेवून तीच लाट योग्य रीतीनें पुढच्या लाटेच्या मदतीस आणितात. या युक्तीचें पेटंट अमेरिकेंतील थुरास यांस १९३२ सालीं मिळालें.

पेटीचा एक दोष मात्र आहे: ती उधळी आहे. तिला दिलेल्या विजेच्या १०० भागांपैकीं सुमारें एकच भाग ध्वनिरूप होतो. बाकीची उष्णता होऊन जाते. पडदा जड, हवा हलकी. हवेवर त्याची पकड बसत नाहीं. येथें कर्णा उपयोगी पडतो. फेरीवाला हांक मारितांना तोंडाभोंवतीं पंजे कां धरतो? विद्यार्थ्यांनीं जाड कागदाची, एका टोंकास अरुंद व दुसऱ्या टोंकास रुंद अशी पुंगळी करून तींतून बोलून पाहावें. अरुंद मार्गांतील हवा बाजूस निसटूं शकत नाहीं. कंपनाचा जोर तिला पुरता मिळतो आणि तो हळूहळू रुंदावणाऱ्या मार्गानें बाहेर पडतो. जुन्या ग्रामोफोनला तर ध्वनि उत्पन्न करण्यास वीज लागतच नसे. सुईच्या बारीक कंपनास घरभर नेणारा तो कर्णाच.

आंकडे पाहिले तर, एक वॅट विजेवर एक मीटर अंतरावर सामान्य पेटीचा ध्वनि ८५ ते ९० डेसिबल भरतो. मोठ्या कर्ण्याचा १०० किंवा अधिक. दहा डेसिबलांचा फरक म्हणजे दहापट विजेचा फरक. शिवाय कर्ण्याच्या पडद्यास थोडेंच हलावें लागतें, म्हणून मोठ्या आवाजांतहि स्वर स्वच्छ राहतो. बोलपटांच्या आरंभीं वर्धकयंत्रांतून मोजकेच वॅट मिळत, तेव्हां चित्रगृहें कर्ण्यांनींच भरून काढिलीं.

मग सर्वांनीं कर्णाच कां घेऊं नये? कारण, त्यास जागा फार लागते. सेकंदास ४० कंपनें असलेल्या स्वराची लाट सुमारें २८ फूट लांब असते. कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तितका हवा. म्हणजे तोंड ९ फूट रुंद झालें! अमेरिकेंतील पॉल क्लिप्श यांनीं कर्णा घडी घालून खोलीच्या कोपऱ्यांत बसविला आणि भिंतींसच त्याचें तोंड बनविलें. १९४६ सालीं त्यांनीं आर्कान्सा संस्थानांतील होप गांवीं त्याचा कारखाना काढिला. परंतु आपल्या घरांत एका कोपऱ्यांत दार, तर दुसऱ्यांत कपाट!

दुसरें कारण अंतराचें. येथें माझीच चूक सांगतों. मीं एकदां जुने कर्णे हौसेनें आणून १० फुटांच्या खोलीत ठेविले. खालच्या व वरच्या स्वरांचे कर्णे वेगळे. सहा फुटांवर बसून ऐकतां गायिकेचा कंठ एकीकडून व तिचे सकार दुसरीकडून येत. शेवटीं ते एका सभागृहास देऊन टाकिले. तेथें लांबून ऐकतांना तोच आवाज एकजीव व मोकळा वाटला. दोष कर्ण्यांचा नव्हता. मीं खोली मोजली नव्हती.

इकडे पेटीहि सुधारली. १९५४ सालीं एडगर व्हिलचर यांच्या पेटीनें कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारांतून खोल स्वर काढून दाखविले. तिला वीज अधिक लागे. पण आज वॅट स्वस्त झाले आहेत, त्यामुळें पेटीचा उधळेपणा पूर्वीसारखा बोंचत नाहीं.

तात्पर्य, दिवाणखाना मोठा, बसण्याची जागा दूर व वर्धकयंत्र लहान असेल तर कर्णा; लहान खोलींत पेटी. वरच्या स्वरांस लहान कर्णा व खालच्यांस पेटी असाहि मध्यम मार्ग आहे. पारख करितांना ओळखीचा आवाज घ्यावा व दोन्हींचा जोर सारखा ठेवावा. कारण जो मोठा वाजतो तोच कानास चांगला भासतो. शक्य तर आपल्याच घरीं अर्धा तास ऐकावें.

त्या गृहस्थांची खोली १२ फूट लांब होती. त्यांनीं पेट्या घेतल्या आणि कांहीं पैसे उरले. पुढें एका संध्याकाळीं मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां आजोबांची तबकडी हळू आवाजांत चालली होती, शब्द न् शब्द कळत होता, आणि शेजारच्या खोलींत मुलाचा अभ्यासहि बिनदिक्कत चालला होता.