दाढीचे फोड की मुरूम? आधी ओळख, मग मलम



भात पिवळे पडू लागले की आपण चार पाने रुमालात गुंडाळून आमच्या कचेरीत येता आणि विचारता, "साहेब, काय टाकू?" आम्ही आधी उलट विचारतो, जुनी पाने पिवळी पडली की कोवळी? जुनी पडली असतील तर बहुधा नत्र कमी. कोवळी पडली असतील तर लोह कमी. रंग तोच, पण उपाय वेगळा. हे मी तीस वर्षे सांगत आलो, आणि माणसाच्या चेहऱ्याची वेळ आली तेव्हा मात्र मीच न बघता सल्ला देऊन बसलो. त्याची ही हकिगत आहे.

उलवे भागात माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. जमीन बहुतेक संपादनात गेली, थोडे भात आणि दोन गुरे उरली. मुलगा सव्वीस वर्षांचा, सुरक्षा रक्षक म्हणून कामाला लागलेला. २०२५ साली तिकडचे विमानतळ सुरू झाले, आजूबाजूला गोदामे, वसाहती, मोठी दुकाने उभी राहिली, आणि आपल्या गावांतली पुष्कळ मुले अशा नोकऱ्यांत गेली. अशा नोकरीत गणवेश कडक आणि दाढी रोज गुळगुळीत लागते. या मुलाच्या गळ्यावर आणि जबड्याखाली सतत बारीक फोड. घरचे म्हणत, "लग्न झालं की मुरूम आपोआप जातील." (मुरूम म्हटले की मला आधी रस्त्यावर टाकायचा मुरूम आठवतो, पण ते असो.) मी त्याला म्हणालो, "अरे, दाढी नीट घोटून करत नसशील. पाते दोनदा फिरव, उलट्या बाजूनेही फिरव." त्याने ऐकले. फोड दुप्पट झाले.

मग त्याने औषधाच्या दुकानातून एक मलमाची नळी आणली. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ, घरात आनंद. मलम थांबवले की पुन्हा फोड, म्हणून पुन्हा मलम. असे तीन महिने. शेवटी कातडी पातळ व लाल झाली, उन्हात उभे राहिले की आग होऊ लागली. मुलगी बघायला जायचा कार्यक्रम दोनदा पुढे ढकलला. त्या नळीत स्टेरॉइड होते. बुरशीचे, जंतूंचे आणि स्टेरॉइडचे औषध एकत्र केलेली अशी मलमे खेडोपाडी सर्रास लावली जातात. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली, तरी पाहुण्याने सांगितले म्हणून नळी आणणारे आपल्यात अजून आहेत.

मी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी भिंगातून पाहिले. माझ्या खिशातही भिंग असते, कोळी आणि फुलकिडे मोजायला. ते मी तीन महिन्यांत एकदाही त्याच्या गळ्यावर धरले नव्हते! डॉक्टरांनी मलाही दाखवले. एकेका फोडात केस वाकून परत कातडीत शिरलेला, नांगराचा फाळ जमिनीत शिरावा तसा.

हाच खरा फरक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुरूम तेलाच्या ग्रंथींमुळे येतो. कातडीतले छिद्र तेलाने आणि मृत पेशींनी बुजते, आत जंतू वाढतात, मग फोड. बुजलेल्या छिद्राचे तोंड काळे किंवा पांढरे टिंब होऊन दिसते. ते काळे टिंब म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे घासून ते जात नाही. असे टिंब असले की तो मुरमाचा पक्का पुरावा समजावा. शिवाय मुरमाला वस्तऱ्याशी देणेघेणे नाही. तो कपाळावर येतो, नाकावर, छातीवर, पाठीवर येतो, जिथे कोणी दाढी करत नाही. पंचविशी-तिशीनंतरही तो येऊ शकतो. बायकांत जास्त, हनुवटीवर आणि जबड्यावर, पाळीच्या आधी वाढणारा.

दाढीचे फोड मात्र पाते फिरते तिथेच, मुख्यतः गळा आणि जबड्याखाली. दाढी केल्यानंतर एक-दोन दिवसांनी उठतात. काळे टिंब नसते. नीट पाहिले तर केस दिसतो. केस वळणदार असेल तर तो पुन्हा कातडीत शिरतो. कातडी ताणून, उलटे पाते फिरवून केस फार खोल कापला तर त्याचे धारदार टोक आतल्या आतच टोचते. शरीर त्याच्याशी बाभळीच्या काट्याशी वागावे तसे वागते, सूज आणते. दोन-तीन पात्यांची रेझरे केस उचलून कापतात, म्हणून गुळगुळीतपणा जास्त आणि हा त्रासही जास्त. कुरळ्या केसांच्या आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा त्रास इतका की अमेरिकेच्या सैन्यात कित्येकांना डॉक्टरी दाखल्यावर दाढी न करण्याची सवलत द्यावी लागली.

शंका राहिली तर पाते बंद ठेवून पाहावे. पहिला आठवडा फोड वाढल्यासारखे वाटतील, घाबरू नये. केस वाढला की तो आपल्याच ताणाने वर सुटतो, आणि तीन-चार आठवड्यांत फोड उतरू लागतात. मुरूम मात्र दाढी बंद केली म्हणून जाणार नाही. काही वेळा दोन्ही एकत्र असतात, मग डॉक्टरांशिवाय उलगडा होत नाही.

गोठा असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वासराच्या तोंडावर, मानेवर केस गळून पांढुरके खपलीचे गोल चट्टे पडले असतील, तर ते गजकर्ण असू शकते आणि त्याची बुरशी माणसाच्या दाढीत येते. मऊ सुजेचा गोळा, त्यावर पू, आणि केस धरून ओढला तर न दुखता हातात येणे, ही त्याची लक्षणे. याला पोटात घ्यायचे बुरशीनाशक औषध लागते, आणि स्टेरॉइड लावले तर ती बुरशी आणखी पसरते. डॉक्टरांनी म्हणूनच या मुलाला विचारले, "घरी गुरे आहेत का?" माणसाबरोबर वासरालाही पशुवैद्याला दाखवावे.

उपायांचे थोडक्यात सांगतो. मुरमाला बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडॅपलीनची जेल डॉक्टर देतात. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर धीर धरावा. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे पडतात, हे घरच्या मंडळींना आधी सांगून ठेवा. गरोदर बाईने अडॅपलीन लावू नये. दाढीच्या फोडांना पहिला उपाय म्हणजे गुळगुळीतपणाचा हट्ट सोडणे. मशीनने एक मिलिमीटर केस ठेवून कापावे. पातेच लावायचे तर कोमट पाण्याने केस मऊ करून, फेस लावून, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता, एकदाच फिरवावे. वर आलेला केस स्वच्छ सुईने हलकेच सोडवावा; उपटू मात्र नये, तो परत आतूनच उगवतो. तुरटीने कापल्याचे रक्त थांबते, पण हे फोड जात नाहीत. सलूनमध्ये नवीन पाते डोळ्यांसमोर लावून घ्यावे, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीच्या भीतीने तरी.

भगिनींनो, हनुवटीचे केस दोऱ्याने किंवा चिमट्याने काढल्यावरही असेच फोड येतात. पण हनुवटीवर राठ केस, मुरूम आणि पाळी अनियमित, असे तिन्ही असेल तर ते पार्लरचे काम नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलाची खरी अडचण नोकरीची होती. पाते ठेवले तर चेहरा जातो, दाढी ठेवली तर हजेरीवर शेरा. डॉक्टरांनी तीन महिने पाते लावू नये असा दाखला लिहून दिला. वरिष्ठांनी तो आधी परत पाठवला. वडील स्वतः जाऊन बसले, तेव्हा मशीनने कापलेली आखूड दाढी चालेल असे ठरले.

आता त्याचे नवे फोड थांबले आहेत. काळे डाग अजून आहेत, ते जायला आणखी काही महिने लागतील असे डॉक्टर म्हणाले. परवा त्याच्या आईने मला वाटेत गाठले. म्हणाली, "साहेब, पाहुणे दिवाळीनंतर येणार आहेत, तोवर डाग जातील ना?" मी म्हणालो, "वहिनी, ते डॉक्टरांना विचारा. मी आता फक्त भातावर बोलतो."